लेखणी धरणाऱ्याची मान

जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळणाऱ्यास शेवटच्या पानावर एक विनवणी पुष्कळदा आढळते. ग्रंथ लिहून संपला, शक आणि तिथी घातली, की नकलकार आपल्यातर्फे दोन ओळी जोडतो. पाठ, कंबर आणि मान मोडून गेली, दृष्टी एकाच जागी खिळली, मुख सतत खाली वळलेले राहिले; अशा कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तरी वाचणाराने तो यत्नाने जतन करावा, असा त्या संस्कृत ओळींचा आशय असतो. तिकडे युरोपातील मठांत बायबल आणि प्रार्थनाग्रंथ उतरवून काढणारे ख्रिस्ती नकलकारही शेवटच्या पानावर असेच काही लिहीत. लेखणी धरतात ती तीनच बोटे, पण राबते ते सारे शरीर, हे त्यांचे म्हणणे. या दोन्ही लेखकवर्गांची एकमेकांशी कधी गाठ पडली नव्हती. तरीही दोघांच्या तक्रारीची भाषा एकच आहे, कारण दुखणे एकच होते.

आज कचेरीत संगणकापुढे बसणारा माणूस मान धरली, खांदे भरून आले, दोन खांद्यांच्या मधोमध ठणकू लागले, की ते नव्या युगाचे दुखणे समजतो. ही समजूत खरी नव्हे. दुखणे जुने आहे. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी लेखनाच्या कामातच जे विसावे दडलेले होते, ते एकेक करून नाहीसे झाले. ही गोष्ट कशी घडली, हे पाहावयाचे तर गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो. तेथे सत्ता अनेकदा बदलली आणि सत्तेबरोबर कचेरीची भाषा, लिपी व साधनेही बदलली. बदलला नाही तो कागदावर वाकलेला लेखनिक.

गोव्याच्या गावकारीत लेखनिकाचे स्थान फार प्राचीन आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडीतील गावांचे जुने रीतिरिवाज नोंदवून १५२६ साली जी सनद तयार केली, तीत गावकारांबरोबर गावच्या लेखनिकाचाही उल्लेख आहे. पेडणे आणि डिचोली हे प्रदेश त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती नव्हते. त्यांवर पुढे आदिलशाहीचा अंमल राहिला, मराठ्यांचा झाला, सावंतवाडीकर भोसल्यांचा झाला. १७८१-८२ च्या सुमारास डिचोली व सत्तरी आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले आणि हा मुलूख ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तोपर्यंत येथील गावगाड्याचे लिखाण मराठीत आणि मोडी लिपीत रुळले होते. नवे राज्यकर्ते आले तरी हे लिखाण एका दिवसात बदलणे शक्य नव्हते. वतन कोणाचे, शेत कोणाचे, सारा किती, देवस्थानचा वाटा कोणता, या साऱ्यांची उत्तरे कुलकर्ण्याच्या रुमालांत बांधलेली होती.

डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. त्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करविला, आणि १६६८ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. दगडावरचा लेख एकदाच कोरावा लागतो, आणि राजाचे नाव त्यावर अक्षय राहते. कागदावरचा हिशेब मात्र रोज लिहावा लागतो, आणि लिहिणाऱ्याचे नाव बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. पेडण्याच्या सीमेला लागून असलेल्या बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये हे याला अपवाद होत. त्यांच्या घरी कुलकर्णीपणाची वृत्ती होती आणि ती त्यांनी अध्यात्मासाठी सोडून दिली. आज पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंतु वृत्ती सोडणे प्रत्येकास कोठून साधणार? बाकीच्यांना मान खाली घालून लिहीतच राहावे लागले.

ते कसे लिहीत, हे थोडे पाहिले पाहिजे. बैठकीवर मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून, त्यावर कागद टेकवून, नाही तर उतरत्या फळीच्या पेटीवर कागद ठेवून लिहिण्याची पद्धत होती. बैठक खाली असल्याने पाठीस बाक येई, हे खरे. पण गुडघ्यावर किंवा उतरत्या फळीवर कागद वर उचललेला असल्याने तो डोळ्यांच्या जवळ येई आणि मान तितकी कमी वाकवावी लागे. बोरूला टाक करून घ्यावा लागे. चार-दोन शब्द लिहिले, की दौतीत बुडवावा लागे. ओळी झाल्या, की शाई टिपण्यास वाळू टाकावी लागे. बोरू बोथटला, की चाकूने पुन्हा तासावा लागे. मोडी लिपीत हात फारसा उचलावा लागत नाही, आणि घाईने लिहिता यावे हाच तिचा गुण समजला गेला. तरीही दौतीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. दिवस मावळला, की काम थांबे, कारण तेलाच्या दिव्यावर बारीक आकडे लिहिणे अवघड होते. शिवाय गावचा लेखनिक केवळ बसून राहत नसे. शेताची हद्द पाहण्यासाठी, पिकाचा अंदाज घेण्यासाठी, बांधावरून आणि कुळागरातून त्याला चालावे लागे, नदी ओलांडावी लागे.

हे विसावे कोणी वैद्याने सांगून ठेवलेले नव्हते. ते साधनांच्या उणिवेतून आपोआप मिळत होते, आणि म्हणूनच त्यांचे मोल कोणाच्या ध्यानात आले नाही.

मात्र लेखकाच्या शरीराचा विचार आपल्याकडे कोणीच केला नाही, असे नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, कागद, शाई, बोरू आणि चाकू कसा बाळगावा, हे सर्व सांगताना ते एक मार्मिक सूचना देतात. तारुण्याच्या भरात फार बारीक अक्षर लिहिले, तर म्हातारपणी ते कामास येत नाही. यासाठी मध्यम अक्षर लिहिण्याची सवय ठेवावी. बारीक अक्षरासाठी डोळा कागदाजवळ न्यावा लागतो आणि डोळ्यामागोमाग मान जाते, हे आज कोणीही वैद्यकशास्त्रज्ञ सांगेल. आयुर्वेदानेही मान ताठ धरून राहण्याच्या विकारास ‘मन्यास्तंभ’ असे नाव दिले, आणि सुश्रुताने त्याच्या कारणांत बसण्या-उभे राहण्याच्या चुकीच्या ठेवणीची गणना केली.

या श्रमांनी काय राखले, याचे गोव्यातीलच एक उदाहरण मोठे बोलके आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. छापखाना १५५६ सालीच गोव्यात येऊन पोहोचला होता. तरीसुद्धा या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. अकरा हजारांच्या जवळपास ओव्या कोणीतरी एकेक अक्षर पाहून लिहून काढल्या, त्या पिढ्यान्‌पिढ्या घरांतून वाचल्या गेल्या, आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी त्यांचे पुन्हा मुद्रण केले. यंत्राने छापलेले हरवले आणि वाकलेल्या मानेने लिहिलेले टिकले, असा हा विलक्षण योग आहे. गोव्याचे दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले व दियोगु द कोतो हा त्याचा पहिला रक्षक होता. तेथील पोर्तुगीज व मोडी कागदांच्या आधारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. तो उभा राहू शकला, कारण कोणीतरी त्यापूर्वी ते कागद लिहून ठेवले होते.

युरोपात या दुखण्याकडे वैद्याच्या दृष्टीने प्रथम नीट पाहिले ते बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना होणाऱ्या रोगांवर त्याने १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ सालच्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिक आणि दस्तऐवज लिहिणारे यांच्यावर त्याने स्वतंत्र प्रकरण घातले. त्याने सांगितलेली कारणे तीन: एकसारखे बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अविरत हालचाल, आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर असलेला ताण. आयुष्यभर लिहून उजवा हात निकामी झालेल्या एका दस्तलेखकाची हकीकत तो देतो. त्या माणसाने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला, तेव्हा थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच दुखणे जडले. म्हणजे दोष हातात नव्हता, कामाच्या रीतीत होता. तीनशे वर्षांनंतर या निदानात भर पुष्कळ पडली आहे, पण त्यातील एकही कारण खोडून काढावे लागलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात पोलादी निब स्वस्त झाले. बोरू तासणे संपले. त्याच काळात, १८३० च्या सुमारास, इंग्लंडात लेखकांच्या हाताला येणाऱ्या पेटक्याची वर्णने येऊ लागली आणि काहींनी त्याचा दोष पोलादी निबालाच दिला. मग शाई पोटात साठवणारे झरणीचे पेन आले, आणि दौतीकडे जाणे संपले. टंकलेखन यंत्र १८७४ पासून बाजारात आले, आणि अक्षराला आकार देण्याचे श्रम संपले. तरी टंकलेखन यंत्रातही विसावा थोडा शिल्लक होता. ओळ संपली, की घंटी वाजे, हात उचलून गाडी मागे सारावी लागे. पान संपले, की कागद काढून, नवा कागद आणि कार्बन घालावा लागे.

गोव्यात हा बदल राजकीय बदलाच्या जोडीनेच आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि कचेऱ्यांतून पोर्तुगीज जाऊन इंग्रजी आली. १९६८ साली जमीन महसुलाचा नवा कायदा झाला. गावोगाव तलाठी आले आणि ‘एक-चौदा’चा उतारा हा घरोघरी परिचयाचा शब्द झाला. डिचोली भागात १९५० नंतर लोहखनिजाचा व्यवसाय झपाट्याने वाढला होता. खाणीवरचा मजूर उन्हात राबे, त्याचे श्रम दिसत. पण ट्रकांच्या खेपा, बार्जमध्ये भरलेले टन आणि मजुरांची हजेरी नोंदवणारा कारकून दिवसभर वहीवर वाकलेला असे, आणि सावलीत बसून पगार घेणारा म्हणून त्याच्याकडे थोड्या असूयेनेच पाहिले जाई. त्याची मान दुखते, हे कोणास खरे वाटावे? २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा मजुराबरोबर हा कारकूनही घरी बसला.

मग संगणक आला आणि उरलेसुरले विसावेही संपले. ओळ आपोआप वळते, पान आपोआप पुढे सरकते, फाईल आणण्यास कपाटाकडे जावे लागत नाही, निरोप सांगण्यास शेजारच्या खोलीत जावे लागत नाही. विजेचा दिवा असल्याने सूर्यास्ताचेही बंधन नाही. पेडण्याच्या मोपा पठारावर २०२३ च्या जानेवारीत विमानतळ सुरू झाला. जेथे पूर्वी गुरे चरत, तेथे आज पडद्याकडे टक लावून बसणारे नोकरदार आहेत. कुलकर्ण्याची दौत गेली. तिच्याबरोबर दर मिनिटाला मिळणारी ती क्षणाची उसंतही गेली.

आता आधुनिक शास्त्र या दुखण्याविषयी काय सांगते, ते पाहू. माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलो वजनाचे असते. मान सरळ असताना हा भार मणके सहज पेलतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिताने असे दाखवले, की मान १५ अंशांत पुढे झुकली, की मणक्यांवरील भार सुमारे १२ किलोंचा होतो, आणि ६० अंशांत झुकली, की सुमारे २७ किलोंचा. हा हिशेब गणिती प्रतिरूपावरचा आहे, प्रत्येक माणसात तो असाच उतरेल असे नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे. काखेत पाण्याचा हंडा थोडा वेळ धरला तर काही होत नाही, तोच दिवसभर धरून ठेवला तर हात भरून येतो. मानेचे तसेच आहे.

येथे एक प्रश्न उरतो. टंकलेखनाला जोर तो किती लागतो? मग एवढ्याशा कामाने स्नायू का थकावेत? याचे एक उत्तर स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी १९९१ साली सुचविले. स्नायूतील काही बारीक तंतू काम सुरू होताच सर्वांत आधी ताणले जातात आणि सर्वांत शेवटी सैल होतात. घरात सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या नंतर पाठ टेकणारी बाई असावी, तशी त्यांची स्थिती. काम जड असो वा हलके, त्यांना सुट्टी नाही. जोराने नव्हे, तर न थांबल्याने ते झिजतात. म्हणून ‘सरळ बसा’ हा उपदेश पुरेसा नाही. उत्तम आसनात तीन तास निश्चल बसणारा माणूसही संध्याकाळी मान चोळीतच उठतो.

यावरून उपाय कोणता, हे उघड होते. साधनांनी काढून घेतलेला विसावा आता माणसाने नेमाने परत घेतला पाहिजे. दर अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, खांदे मागे फिरवावेत, दूरवर पाहावे. पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीस आणि पडदा हातभर अंतरावर असावा. पाय जमिनीला टेकावेत, कोपर अंगाजवळ राहावे. मांडीवर चालणारा लहान संगणक असेल तर त्याखाली जाड पुस्तके ठेवून कळफलक वेगळा जोडावा. अक्षरे मोठी करून वाचावीत. समर्थांनी मध्यम अक्षराविषयी सांगितले, तेच येथे लागू आहे.

व्यायामाचेही महत्त्व सिद्ध झाले आहे. डेन्मार्कमध्ये मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ लोकांवर एक प्रयोग झाला व तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींनी आठवड्यातून पाच दिवस, रोज अवघी दोन मिनिटे, रबराचा लवचीक पट्टा दोन्ही हातांनी बाजूंनी वर खेचण्याचा व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचे दुखणे, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, लक्षणीय कमी झाले. आपल्याकडे निगडीच्या पाल्याचा शेक, कोमट तेलाचे मर्दन हे उपाय घरोघरी होतात. त्यांनी आराम पडतो, आणि तो घेण्यास हरकत नाही. परंतु शेकाने स्नायू बळकट होत नाहीत, आणि शेकून पुन्हा तसेच बसले, की दुखणे पुन्हा येते. मानेला पट्टा बांधून महिनोन्‌महिने राहणे तर अहितकारकच, कारण त्याने स्नायू अधिकच दुबळे होतात.

आणखी एका भीतीचे निराकरण केले पाहिजे. क्ष-किरणांच्या चित्रात मणक्यांची झीज दिसली, की माणूस घाबरतो आणि मान हलवावयाचेच सोडून देतो. वयाबरोबर अशी झीज, काडीचेही दुखणे नसलेल्या असंख्य लोकांत आढळते. झीज म्हणजे दुखणे नव्हे, आणि हालचाल म्हणजे इजा नव्हे. मात्र हाताला मुंग्या येत असतील, बोटांतील शक्ती कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, किंवा पडल्या-आपटल्यानंतर मान दुखू लागली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

येथपर्यंतचे सर्व प्रत्येकाने स्वतःपुरते करावयाचे. परंतु या इतिहासातून निघणारा दुसरा धडा कचेऱ्यांचे प्रमुख, शाळांचे चालक आणि घरातील वडीलधारी मंडळी यांच्यासाठी आहे. बसून काम करणाऱ्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवणे समाजाला नेहमीच जड गेले आहे. ब्रिटनमध्ये तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या पेटक्याचा समावेश भरपाईस पात्र आजारांत होण्यास १९०८ साल उजाडावे लागले. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो लोकांचे हात व माना दुखू लागल्या, तेव्हा हे दुखणे शरीराचे की मनाचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. वाद घालणाऱ्यांना वेळ होता; दुखणाऱ्याला नव्हता. रामाझ्झिनीने मनाचा ताण आणि शरीराचा ताण ही एकाच दुखण्याची कारणे म्हणून शेजारी शेजारी मांडली होती, याचा विसर पडला. कामाचा डोंगर, वरिष्ठाची घाई आणि चुकीचे भय यांनीही खांदे आखडतात. ज्या कचेरीत कारकून दोन मिनिटे उठून उभा राहिला तर तो कामचुकार ठरतो, तेथे उंच खुर्च्या आणि नवे पडदे आणून फारसा लाभ होणार नाही. वह्या तपासणारे शिक्षक, परीक्षेसाठी रात्रंदिवस मान खाली घालून बसणारी मुले, यांनाही हेच लागू आहे.

पेडणे-डिचोलीच्या त्या नावे नसलेल्या लेखनिकांनी जे कागद लिहून ठेवले, त्यांच्या आधाराने आजही शेतांच्या हद्दी ठरतात, वतनांचे वाद सुटतात, आणि इतिहास लिहिला जातो. पोथीच्या शेवटी नकलकाराने स्वतःसाठी काही मागितले नाही. मान मोडली, एवढे सांगून त्याने मागितले ते ग्रंथाचे जतन. त्याची ती विनंती पुढच्या पिढ्यांनी बऱ्याच अंशी पाळली. आता जो लिहितो त्याचेही जतन करणे ही त्याच कर्तव्याची दुसरी बाजू होय, आणि तिला खर्च लागतो तो फार तर दर अर्ध्या तासाला दोन मिनिटांचा.